खानावळीची वही

परवा डिलाईल रोडला काम होतं. दुपारचा दीड वाजलेला, म्हटलं चाळीतल्या ओळखीच्या खानावळीत जेवून घेऊ. जिना चढून गेलो तर दाराला कुलूप. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बंद केली हो त्यांनी. गणपतीला गावी गेले ते परत आलेच नाहीत." खाली येऊन वडापाव खाल्ला. गिरणगावातल्या उरल्यासुरल्या खानावळींपैकी आणखी एक गेली. माझी आई अशीच खानावळ चालवायची, त्यामुळे ही जात काय होती ते सांगायला हवं.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळीपर्यंत चिमण्या उभ्या राहिल्या. कामाला माणसं आली ती मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून. बायकापोरं गावी, पगारातला मोठा हिस्सा मनीऑर्डरने गावी, आणि इथे एका खोलीत दहा-पंधरा जण. कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला, म्हणून खोली पुरायची. पण चूल कुणी पेटवायची? ते काम चाळीतल्या बायकांनी धरलं. नवरा वारलेल्या, नवरा आजारी असलेल्या, किंवा स्वतः गिरणीतून बाहेर पडलेल्या. बायकांना रात्रपाळीवर घ्यायची बंदी आली, १९२९ मध्ये मुंबईत बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, तसा मालकांनी बायका घेण्यात हात आखडला. गिरणीत बायकांची संख्या घटत गेली, खानावळी मात्र वाढत गेल्या.

आमच्या खोलीत पंगत तीनदा बसायची. भोंग्याच्या आधी पहाटे डबे भरायचे. कोकणातल्यांना भात आणि बांगड्याचं कालवण, घाटावरच्यांना भाकरी आणि तिखट आमटी. एकाच घासलेटच्या स्टोव्हवर दोन्ही. पैसे महिन्याचे, पगार झाला की मिळायचे. आई वहीत प्रत्येकाच्या नावापुढे रोज दोन रेघा ओढायची. कुणी गावी गेला तर तेवढे दिवस खाडा, खाड्याचे पैसे कापून द्यायचे. त्या हिशेबावरून भांडण झालं तर मिटवायला आईच. महिनाभर सगळं उधारीवर, म्हणून आईची स्वतःची उधारी वाण्याकडे. वाणी व्याज लावायचा, आई जेवणाऱ्यांना लावायची नाही.

१९७३-७४ मधला गिरण्यांचा संप ४२ दिवस चालला. पगार बंद, तरी पंगती चालू राहिल्या, कारण ज्याला पाच वर्षं जेवू घातलं त्याला दारातून परत कसा पाठवायचा? संप मिटला तेव्हा वाण्याचं देणं बायकांच्या डोक्यावर होतं. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी ही गोष्ट हेरली. १४ खानावळवाल्या बायकांना घेऊन १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्यांच्याकडे तारण ठेवायला ताट-वाटीपलीकडे काही नव्हतं, त्या बँकेच्या खातेदार झाल्या.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडली. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप ४२ दिवसांचा नव्हता, तो रीतसर मिटलाच नाही. गावी शेत असलेले गावी गेले. बाकीचे जेवत राहिले आणि वहीतल्या रेघा वाढत गेल्या. पुढे बऱ्याच गिरण्या उघडल्या नाहीत, काहींच्या जागी मॉल आणि टॉवर आले. जेवणारेच उरले नाहीत, मग खानावळी एकेक करून बंद झाल्या. परवाची ती त्याच रांगेतली. उरलेल्यांना गिऱ्हाईक मिळायचं ते ऑफिसातल्या शिपायांचं आणि माझ्यासारख्या एखाद्या सठीसामाशी येणाऱ्याचं.

गिरणी संपावर पुष्कळ लिहिलं गेलंय. युनियन, मालक, सरकार, सगळ्यांवर. पण पगार नसताना अडीच लाख माणसांच्या पोटाला काय होतं? ज्याला आपण संपफंड म्हणतो त्याचा मोठा भाग बायकांच्या वहीत होता, पावती न फाडता जमा झालेला. आईचे बरेचसे पैसे कधीच आले नाहीत. ते तिने कुणाकडे मागितले नाहीत, आणि संपाच्या हिशेबात कुणी धरलेही नाहीत. माझ्या मते ते धरायला हवेत.