पाच सेंटांची वाढ : डेट्रॉइट, १९३७

२७ फेब्रुवारी १९३७, शनिवार. अमेरिकेतील डेट्रॉइट शहर. वुडवर्ड अव्हेन्यूवरील वूलवर्थच्या दुकानात खरेदीची गर्दी उसळली होती. एकाएकी शिट्टी वाजली आणि कामगार संघटनेचा एक माणूस ओरडला, ‘संप!’ शंभराहून अधिक विक्रेत्या मुलींनी हातातले काम थांबवले. गिऱ्हाईक बाहेर गेले. मुली मात्र आतच राहिल्या.

मोठ्या साखळी-दुकानांतील ताशी मजुरीचा इतिहास समजून घ्यायचा, तर या दुकानापासून सुरुवात करावी.

फ्रँक वूलवर्थचा धंदा १८७९ पासूनचा. पाच किंवा दहा सेंटांना वस्तू, ही त्याची ख्याती. माल स्वस्त विकायचा तर माणसेही स्वस्तच हवीत, असे त्याने १८९२ साली आपल्या व्यवस्थापकांना स्पष्ट कळवले होते. त्याच पाच-दहा सेंटांच्या नाण्यांतून १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये त्या काळची जगातील सर्वांत उंच इमारत उभी राहिली. ती त्याने रोखीने बांधली, हे विशेष!

डेट्रॉइटच्या मुलींना तासाला साधारण २८ सेंट मिळत. त्यांनी दहा सेंटांची वाढ, आठ तासांचा दिवस, जादा कामाला दीडपट मजुरी आणि फुकट गणवेश मागितला. गणवेश धुण्याचा खर्चही कंपनीनेच सोसावा, ही मागणी आज क्षुल्लक वाटेल. पण तासाच्या हिशेबाने जगणाऱ्याला परटाचे बिलही पगारातली कपातच असते.

दुकानातच ठाण का मांडले? बाहेर फलक घेऊन उभे राहिले, तर आत दुसऱ्या मुली नेमता येतात. आत बसले, तर गल्ला, माल आणि दार सारेच अडते. जवळच्या फ्लिंट शहरात जनरल मोटर्सच्या कामगारांनी याच मार्गाने जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी विजय मिळवला होता. वर्तमानपत्रांनी मात्र या मुलींची छायाचित्रे सहलीची मौज असावी तशी छापली. माझ्या मते त्या बातम्यांनी संपाची प्रसिद्धी वाढवली आणि त्याचे गांभीर्य झाकले.

सातव्या दिवशी, ५ मार्चला, कंपनी नमली. वाढ मिळाली पाच सेंटांची, म्हणजे त्याच दुकानातील सर्वांत स्वस्त वस्तूच्या किमतीइतकी! शिवाय संघटनेला मान्यता, फुकट गणवेश आणि संपाच्या दिवसांचा निम्मा पगार.

आता खरी गोम. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, अमेरिकेत तासाला किमान २५ सेंटांचा संघराज्य कायदा झाला. पण ज्या दुकानाची बहुतांश विक्री आपल्याच राज्यात होते, त्याचे कामगार त्यातून वगळले गेले. कंपनीची दुकाने देशभर पसरलेली, माल दूरदूरहून आलेला. पण गल्ल्यावरची विक्री ‘स्थानिक’, म्हणून मुलगीही स्थानिक! कारखान्यातील मजुराला मिळालेले संरक्षण तिला मिळाले नाही. जे मिळवायचे ते तिने स्वतःच, दुकान अडवून मिळवायचे. आणि १९३९ साली सर्वोच्च न्यायालयाने असा बैठा संपही बेकायदा ठरवला.

मोठ्या साखळी-दुकानांना किमान वेतन लागू झाले ते १९६१ च्या दुरुस्तीने. वुडवर्ड अव्हेन्यूवर अठराव्या वर्षी संपाला बसलेली मुलगी तेव्हा बेचाळीस वर्षांची झाली असेल.