आवाजाचा गोंद

माणूस गेला तरी त्याचा आवाज राहावा, ही हौस जुनी. परंतु सामान्य गृहस्थास आपल्या आजीची ओवी घरच्या घरी धरून ठेवता येऊ लागली ती कॅसेट आल्यावर.

या कथेचा आरंभ सिगारेटपासून होतो. ड्रेस्डेनचा फ्रिट्झ फ्लॉयमर सिगारेटच्या कागदावर धातूचा पट्टा बसविण्याची युक्ती काढून बसला होता. कागदावर धातू चिकटतो, तर लोखंडी भुकटी चिकटवून तिच्यात ध्वनी का साठवू नये, असे त्याने ताडले आणि १९२८ साली फितीचे पेटंट घेतले. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन यंत्र आले. १९६३ साली त्याच शहरात फिलिप्सने कॅसेट मांडली. ती खिशात मावावी म्हणून लू ऑटेन्स याने आधी लाकडाचा ठोकळा करून पाहिला होता!

आता ही फीत बिघडते म्हणजे काय होते? आपला समज असा की, चुंबकत्व विरून जाते. वस्तुतः ते चिवट असते. दगा देतो तो गोंद. भुकटी धरून ठेवणारे पॉलियुरेथेन हवेतील ओल शोषते, त्याचे रेणू तुटतात आणि फीत चिकट होते. १९७० नंतरच्या काही मोठ्या रिळांना हा रोग फार झाला. तशी फीत सुमारे ५० अंश उष्णतेत काही तास भाजली, तर थोडे दिवस वाजते. कॅसेटचे दुखणे बहुधा निराळे : आतल्या नमद्याच्या तुकड्याचा गोंद सुटतो, कोकणासारख्या दमट हवेत बुरशी धरते, आणि १२० मिनिटांच्या कॅसेटमधील जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची फीत ताणली जाते वा यंत्रात गुरफटते. कधी एका वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यात उतरते व शब्दाआधीच त्याचा क्षीण पडसाद ऐकू येतो.

परंतु सारा दोष हवेला देता येणार नाही. पुसले जाऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेची जीभ मोडीत; आपण त्या भोकावर कागद चिकटवून आजीच्या ओवीवर सिनेमाची गाणी भरली. ती ओवी कोणत्याही भट्टीत परत येत नाही.

जे उरले आहे ते नव्या साधनावर उतरविता येते. मात्र घरच्या यंत्रावर नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवावयास नव्वद मिनिटेच लागतात, आणि ती वाजविणारी धड यंत्रेही आता शोधावी लागतात.