कारणे व परिणाम लिहा : एका बास्केटबॉल सामन्याची गोष्ट

इतिहासाच्या पेपरात आपल्याला 'कारणे व परिणाम लिहा' हा प्रश्न हमखास यायचा. आपण सनावळ्या घोकायचो आणि सर म्हणायचे, "कोण जिंकलं ते पुस्तकात आहे. का लढले ते सांग." स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं तेव्हा तोच प्रश्न आठवला. शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून उत्तरासाठी एक सामना निवडला.

अमेरिकेत कॉलेजांचा बास्केटबॉल हंगाम संपला की मार्चमध्ये निवडक संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते. १९६३ साली तिच्यात २५ संघ होते. त्यांतला एक मिसिसिपी स्टेट. दक्षिणेकडच्या या विद्यापीठात तेव्हा सगळे विद्यार्थी गोरे होते. कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळायचं नाही, असा राज्यात अलिखित दंडक होता. त्यामुळे १९५९, १९६१ आणि १९६२ साली आपल्या विभागात अव्वल येऊनही या संघाने राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण नाकारलं होतं. १९५९च्या संघात बेली हॉवेल होता. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये त्याने मोठं नाव काढलं, पण कॉलेजात असताना ही स्पर्धा त्याला खेळताच आली नाही. सामना हरून परत येण्याचं दुःख आपल्याला माहीत आहे. जिंकूनही पुढच्या सामन्याला जाऊ न देण्याचं दुःख वेगळंच असणार.

१९६३ साली चौथ्यांदा तीच वेळ आली. काही महिन्यांपूर्वीच जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून मिसिसिपी विद्यापीठात दंगल होऊन दोघांचा बळी गेला होता. राज्यपाल रॉस बार्नेट यांचा संघ पाठवायला विरोध होता. तरीही विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोलव्हार्ड यांनी या वेळी संघ जाईल असं जाहीर केलं. विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम मिळवला. तो बजावला जाण्याआधीच प्रशिक्षक बेब मॅकार्थी मोटारीने राज्याबाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर आधी राखीव खेळाडू पाठवले. कोणी अडवायला आलेलं नाही असं दिसल्यावर मुख्य खेळाडू निघाले. खेळायला मिळावं म्हणून या मुलांना स्वतःच्याच राज्यातून गुपचूप निघावं लागलं!

समोर शिकागोचं लोयोला होतं. त्यांच्या पहिल्या पाचांत चौघे कृष्णवर्णीय होते. त्यांचा कर्णधार जेरी हार्कनेस याला सामन्याआधी धमकीची पत्रं येत होती. १५ मार्चला मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगला सामना झाला. सुरुवातीच्या उडीआधी मिसिसिपी स्टेटचा कर्णधार जो डॅन गोल्ड आणि हार्कनेस यांनी हस्तांदोलन केलं, आणि छायाचित्रकारांच्या दिव्यांचा लखलखाट झाला. हा नेहमीचा सामना नाही, हे आपल्याला त्या क्षणी कळलं, असं हार्कनेस पुढे सांगत असे.

मिसिसिपी स्टेटने सुरुवातीलाच ७-० अशी आघाडी घेतली, पण शेवटी लोयोला ६१-५१ असं जिंकलं. ज्याची भीती घातली जात होती तसं काहीच घडलं नाही. दोन्ही संघ सभ्यपणे खेळले. दुसऱ्या दिवशी मिसिसिपी स्टेटने बोलिंग ग्रीनला ६५-६० असं हरवून गटात तिसरा क्रमांक मिळवला, आणि लोयोलाने इलिनॉयला ७९-६४ असं नमवलं. पुढे उपांत्य सामन्यात ड्यूकवर ९४-७५ अशी मात करून लोयोला अंतिम फेरीत गेलं. तिथे गाठ होती सलग दोन वर्षं विजेत्या ठरलेल्या सिनसिनाटीशी. उत्तरार्धात १५ गुणांनी मागे पडलेल्या लोयोलाने बरोबरी साधली आणि जादा वेळेत अगदी अखेरच्या क्षणी व्हिक राउसने परत आलेला चेंडू बास्केटमध्ये टाकून ६०-५८ असा विजय मिळवला. लोयोलाचे तेच पाच जण अंतिम सामन्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळले; एकही बदली खेळाडू उतरला नाही.

आता परिणाम. एका सामन्याने मिसिसिपी बदललं असं लिहिलं तर सर गुण कापतील. पण पुढे कृष्णवर्णीय खेळाडूंविरुद्ध खेळायचं की नाही, हा वाद मिसिसिपी स्टेटपुरता मागे पडला. १९६५ साली रिचर्ड होम्स हा तिथला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी झाला. पन्नास वर्षं होत आली तेव्हा, डिसेंबर २०१२ मध्ये, ही दोन्ही विद्यापीठं शिकागोत पुन्हा एकमेकांशी खेळली आणि जुने खेळाडू तिथे भेटले. आपल्यासारखंच त्यांचंही स्नेहसंमेलन!

गोल्ड मात्र त्याआधीच, २०११ साली, गेला होता. त्याच्या अंत्यविधीला हार्कनेस मुद्दाम गेला. शवपेटीजवळ त्या हस्तांदोलनाचा फोटो ठेवलेला त्याला दिसला. हरलेल्या सामन्याचा फोटो त्या घराने इतकी वर्षं जपला होता.

सर, परिणामांत मी तो फोटोही धरला आहे. गुण तुम्ही द्या.