अंगठा आणि अंगण

शिक्षणाचा इतिहास लिहिणारे शाळा मोजतात, मुले मोजतात, अनुदानाचे आकडे देतात. शाळेत मुलाला काय शिकविले जाते हे त्याच्या आईबापाला कुणी सांगितले आणि कोणत्या भाषेत सांगितले, हा प्रश्न त्या इतिहासात सहसा येत नाही. हा इतिहास लिहिणाऱ्यांच्या घरी बाप शिकलेला होता, मास्तर ओळखीचा, बहुधा आळीतलाच होता. त्यांना कळविण्याची वेगळी सोय लागत नव्हती. आमच्या घरी ती लागत होती.

माझे वडील मराठवाड्यातल्या एका गावात सालगडी होते. प्रगतिपुस्तकावर ते अंगठा उठवीत, शाई डोक्याच्या केसांना पुसत आणि रात्री चिमणीच्या उजेडात मला विचारीत, "काय लिवलंय रं त्यात?" तिसरीत असताना गणिताखाली लाल रेघ आली. मी वाचून दाखविले, "समदं ब्येस हाय म्हणून लिवलंय, दादा." ते खूश झाले. आरोपीनेच स्वतःचा निकाल वाचून दाखवावा, अशी ही व्यवस्था होती. मी खोटे बोललो हा माझा दोष. पण माझ्या बापाशी बोलायला शाळेने माझ्याखेरीज दुसरे तोंडच ठेवले नव्हते, हा दोष कुणाचा?

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की प्रथम जोतीराव फुले भेटतात. त्यांच्या शाळांच्या परीक्षा बंद खोलीत होत नसत. १८५२ आणि १८५३ साली पुण्यात मुलींच्या शाळांच्या जाहीर परीक्षा झाल्या, त्या पाहायला लोक जमले. पोरींना काय येते हे शहराने डोळ्यांनी पाहिले. १८५५ साली त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. शाळेत काय शिकविले जाते याचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा? त्याच वर्षी जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. मुलाला दिवसा शिकवावयाचे आणि बापाला रात्री, हे त्यांनी एकाच कामाचे दोन भाग मानले. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मागणी केली की प्राथमिक शाळेचा शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा. वेळ पडल्यास नांगराचा रुमणा धरायला न लाजणारा, लोकांत मोकळेपणाने मिसळणारा आणि म्हणून त्यांच्या गरजा ओळखणारा शिक्षक त्यांना हवा होता. शिक्षक आणि पालक यांच्यात बोलणे का होत नाही याचे कारण जोतीरावांनी जातीत शोधले. आजही ते तिथेच सापडते.

हे झाले प्राथमिक शाळेचे. त्याआधीच्या वयाचे, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण आपल्याकडे बरेच उशिरा आले आणि आले तेव्हा पांढरपेशांच्या दारी आले. गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर १९२० साली भावनगरात निघाले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढला. मूल खेळत शिकते, त्याला मारू नये, घरीही त्याला स्वातंत्र्य द्यावे, हे आईबापांना पटल्याखेरीज बालमंदिर चालणार नाही हे या मंडळींनी ओळखले होते. त्यासाठी ते 'शिक्षणपत्रिका' चालवीत, पालकांसाठी पुस्तके लिहीत. काम मोलाचे होते. परंतु ज्या आईला अक्षर ठाऊक नाही तिच्या हाती पत्रिका देऊन काय होणार? तिथे पालक या शब्दाचा अर्थच 'वाचणारा पालक' असा होता.

१९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. गरिबांची आणि अस्पृश्य वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा बालवाडीच उचलून वस्तीत, घराच्या अंगणात नेण्याचे त्यांनी ठरविले. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पाने, बिया आल्या. 'अंगणवाडी' हा शब्द या कामातून रूढ झाला. पुढे १९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर, आदिवासींमध्ये गेले.

या घटनेचा एक अर्थ सगळे सांगतात, की शाळा मुलापर्यंत गेली. मला दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा वाटतो. शाळा आईबापाच्या नजरेसमोर गेली. बिया मोजणारे पोर आजी उंबऱ्यातून पाहू शकत होती. कळविण्यासाठी चिठ्ठी नको, अंगठा नको, दुभाषा नको.

तथापि या कामाकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. तो उद्धाराचा काळ होता. वस्तीला 'हरिजनवाडा' म्हणण्याचा आणि शिकवण्याआधी मुलांना आंघोळ घालण्याचा तो काळ होता. अंगणात येणाऱ्या बाईने आईला मुलाविषयी सांगितलेली पहिली गोष्ट 'ते अस्वच्छ आहे' ही असेल, तर त्या सांगण्यात माहितीपेक्षा न्यायनिवाडाच अधिक असतो. पाणवठा कुणाचा आणि पाणी किती, हे विचारल्याशिवाय स्वच्छतेचा धडा पुरा होत नाही. आणि आईकडून बाईने काय शिकावे हा प्रश्न तर फारसा कुणी विचारलाच नाही. पण उणिवा मान्य करूनही एवढे म्हणावे लागेल की अंगण हा योग्य धागा होता.

तो पुढे सुटला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव गेले, अंगण मागे राहिले. योजनेत सहा सेवा होत्या, पूर्वप्राथमिक शिक्षण ही त्यांतली एक. वजन, लस, आहार यांच्या नोंदवह्या भरता भरता शिक्षणाविषयी आईशी बोलायला सेविकेला वेळ उरेना. तिला तर सरकार नोकरदारही मानीत नाही, पगाराऐवजी मानधन देते. आयांच्या लेखी अंगणवाडी ही सुकडी-खिचडीची शाळा झाली.

आमच्या गावची अंगणवाडी मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरे. माय मला पारापर्यंत सोडी आणि तिथूनच परत फिरे. ती ओसरीवर कधी चढली नाही. चढू नको असे तिला कुणी म्हटले नव्हते, म्हणावे लागतच नव्हते. आम्ही आत गाणी म्हणत होतो, मणी ओवीत होतो, ते तिला दोन वर्षांत एकदाही दिसले नाही. तिसरीतल्या त्या खोट्याची सुरुवात मला या पारापाशी झालेली दिसते. शाळेत काय चालते हे घराला फक्त माझ्या तोंडून कळणार, हे तिथेच ठरून गेले होते. आमच्या गावाचे हे नवल नव्हे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली आणि पुन्हा २००६ साली बजवावे लागले, की अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाड्या उघडा. अंगणाचे हे भांडण देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेले.

२०१३ साली बालशिक्षणाचे राष्ट्रीय धोरण आले आणि महिन्यातून एक दिवस पालकांना बोलावून मुलांचे शिकणे दाखवावे, असा प्रघात अंगणवाड्यांत सुरू झाला. कागदावर हे चांगलेच आहे. पण दिवस कोणता, वेळ कोणती? सोयाबीन काढणीच्या दिवसांत सकाळी अकराला बोलाविले, तर रोजावर जाणारी आई येणार नाही. मग वहीत 'पालक उदासीन' असा शेरा पडतो.

आता मी कॉलेजात शिकवितो. माझी मुलगी तालुक्याच्या गावातील एका खाजगी बालवाडीत जाते. संध्याकाळी माझ्या फोनवर इंग्रजीत निरोप येतो, सोबत फोटो. मुलीला नेणे-आणणे मायच करते. एकदा तिने विचारले, "न्यायला-आणायला मी, अन् सांगायचं तुला व्हय? पोरीनं आज काय क्येलं?" मी निरोप वाचू लागलो. वर्गीकरणाची क्षमता, सूक्ष्म स्नायूंचा विकास असे काहीबाही त्यात होते. मी भाषांतर जुळवीत होतो तोवर तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, "कडधान्य निवडतीया की. पर मूग अन् मटकी एकत्र केलीया बघ." ते बाईंच्याही लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही. बालवाडीत मी सुचविले की आज्यांना कधी आत बसू द्यावे. उत्तर मिळाले, "त्यांना काय कळणार?"

'बहिष्कृत भारत' ज्या समाजाने एका वाचणाऱ्याभोवती बसून ऐकला, समजून घेतला आणि त्यातून चळवळ उभी केली, त्याला अक्षर येत नाही म्हणून कळत नाही असे म्हणणे हा जुनाच कावा आहे. माहिती देणे हा उपकार नव्हे. लेकरू आमचे आहे, त्याचे काय चालले आहे हे आम्हाला आमच्या बोलीत, आमच्या सवडीच्या वेळी, डोळ्यांनी पाहता येईल असे कळले पाहिजे आणि आम्ही त्यावर काही बोललो तर ते ऐकले गेले पाहिजे.

माझे वडील आता नाहीत. त्या लाल रेघेचे खरे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितले नाही. वाचकांत शिक्षक आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, माझ्यासारखे पहिल्या पिढीतले शिकलेले तर पुष्कळ आहेत. त्यांनी आपापल्या वस्तीतली अंगणवाडी कुणाच्या ओसरीवर भरते आणि आया कुठून परत फिरतात, एवढे या महिन्यात जाऊन पाहावे. बोलायला सुरुवात तिथूनच करावी लागेल.