वाटाड्या आणि क्षेत्रोपाध्याय

परक्या मुलखांत जाणाऱ्या मनुष्यास दोन प्रकारचें साह्य लागतें. पुढें उजवीकडे वळावें कीं डावीकडे, हें सांगणारा एक. आणि आपण आलों तें स्थळ कोणतें, तेथें काय पाहावें, हें सांगणारा दुसरा. आमच्याकडे पहिल्यास वाटाड्या म्हणत. तीर्थांच्या ठिकाणीं दुसऱ्याचें काम क्षेत्रोपाध्याय करी. वाटाड्या डोंगर उतरवून देई व मजुरी घेऊन परत फिरे; उपाध्याय यजमानास नदीवर नेऊन क्षेत्राचें माहात्म्य सांगे. दोघांच्या विद्या निराळ्या, तशा जबाबदाऱ्याही निराळ्या. पाश्चात्य देशांत हीं दोन्ही कामें प्रथम पुस्तकांनीं व पुढें यंत्रांनीं कशीं उचललीं, आणि शेवटीं मोटारींतील एका लहानशा पेटींत तीं कशीं एकत्र आलीं, याचा इतिहास मनोरंजक आहे, तसाच बोधप्रदही आहे.

या इतिहासाचा आरंभ ग्रंथांपासून करणें योग्य. लंडनच्या जॉन मरे यांचें युरोपखंडांतील प्रवाशांकरितां लिहिलेलें हस्तपुस्तक १८३६ सालीं निघालें. त्याच सुमारास जर्मनींत कोब्लेंट्स येथें कार्ल बेडेकर हा ग्रंथविक्रेता ऱ्हाईन नदीच्या प्रवासाचें पुस्तक सुधारून काढीत होता. अवश्य पाहण्याजोग्या स्थळापुढें तारका छापण्याची त्याची पद्धति पुढें सर्वत्र रूढ झाली. हा गृहस्थ मिलानच्या देवळाचा जिना चढतांना दर वीस पायऱ्यांस एक वाटाणा एका खिशांतून दुसऱ्या खिशांत टाकीत असे, म्हणजे मोजणींत चूक होऊं नये, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यावरून लोकांचा त्याच्यावर विश्वास कां बसला हें समजतें. जो दुसऱ्यास वाट सांगतो त्यानें ती स्वतः चालून पाहिली पाहिजे, हा त्या धंद्याचा पहिला नियम होता.

मोटारगाडी आली तेव्हां मार्गदर्शनाचें रूप पालटलें. १९०० सालीं फ्रान्समधील मिशलिन बंधूंनीं मोटारवाल्यांकरितां एक लहान पुस्तक छापून फुकट वांटलें. धावा विकणें हा त्यांचा धंदा. लोक जितके अधिक फिरतील तितक्या धावा अधिक झिजतील, हा हिशेब उघड होता. तरीही पुस्तक उपयोगी होतें. १९२० पासून त्यास किंमत ठेवण्यांत आली व १९२६ पासून उत्तम भोजनगृहांस तारका मिळूं लागल्या. तथापि पुस्तक मांडीवर आणि रस्ता डोळ्यांसमोर, ही अडचण कायमच होती. चालकानें वाचावें कीं चालवावें?

ती दूर करण्याचा यत्न १९०९ च्या सुमारास अमेरिकेंत झाला. जोन्स नांवाच्या संशोधकानें मोटारीच्या चाकाशीं जोडलेली एक तबकडी केली. गाडी चाले तशी तबकडी फिरे आणि अमुक मैलांवर अमुक वळण, हें तिच्यावरील अक्षरें दाखवीत. पण गाडी ठरलेला मार्ग सोडून वळली, कीं तबकडीचें ज्ञान निरुपयोगी होई. १९८१ सालीं जपानच्या होंडा कंपनीनें घूर्णदर्शकाच्या साह्यानें, आणि १९८५ सालीं अमेरिकेंतील ईटॅक कंपनीनें कॅसेटींवर नकाशे भरून, हेंच कोडें अधिक चातुर्यानें सोडविलें. तरी आपण कोठें आहों हें यंत्रास चाकांच्या फेऱ्या व दिशा यांवरूनच अनुमानावें लागे.

खरें उत्तर आकाशांतून आलें. अमेरिकन सैन्याच्या जी. पी. एस. योजनेचा पहिला उपग्रह १९७८ सालीं सुटला. प्रत्येक उपग्रह वेळेचा संदेश पाठवितो. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, कीं पृथ्वीवरील यंत्र आपलें स्थान गणितानें काढतें. १९८३ सालीं वाट चुकलेलें एक कोरियन प्रवासी विमान सोव्हिएट सैन्यानें पाडलें व २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर ही योजना सर्व जगास खुली करण्याचें वचन अमेरिकेच्या अध्यक्षांनीं दिलें. १९९५ सालीं ती पूर्णत्वास गेली, आणि नागरी उपयोगाच्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजीं काढून टाकण्यांत आली. शंभर मीटरांची चूक दहा-वीस मीटरांवर आली. आणि कोणत्या गल्लींत वळावें, हें मोटारींतील यंत्र भरंवशानें सांगूं लागलें.

वाटाड्या तर मिळाला. आतां उपाध्याय हवा होता. गार्मिनसारख्या कंपन्यांनीं त्याचीही सोय केली. नखाएवढें एखादें कार्ड विकत घेऊन पेटींत घातलें, कीं त्या प्रांतांतील वस्तुसंग्रहालयें, उपाहारगृहें, उतरण्याच्या जागा यांची वर्णनें पडद्यावर येत. नांवावर बोट ठेवतांच तेथवरचा मार्ग आंखला जाई. कांहीं मार्गदर्शिका तर बोलत असत. गाडी स्थळाजवळ येतांच त्याची माहिती आपोआप ऐकूं येई. हौशी लोक आपल्या आवडत्या जागांच्या याद्याही यंत्रांत भरीत. योग्य जागीं योग्य शब्द कानीं पडावा, ही गोष्ट बेडेकरच्या पुस्तकासही साधली नव्हती. तिचें कौतुक न करणें कृपणपणाचें होईल.

पण हें वैभव अल्पायुषी ठरलें. ऑक्टोबर २००९ मध्यें गूगलनें खिशांतील फोनवरच मार्गदर्शन फुकट देऊं केलें, आणि निराळी पेटी व निराळें कार्ड घेण्याचें कारण बहुतेकांस उरलें नाहीं. पुढें स्थळांचे गुणदोषही हजारों अनोळखी माणसांच्या अभिप्रायांवरून ठरूं लागले. त्यांत सत्य पुष्कळ असतें. पण तें कोणा एकाच्या जबाबदारीचें नसतें.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत अशी एक पेटी कार्डासह जपून ठेविली आहे. शेजारींच आजोबांच्या वेळचें मरेचें पुस्तक आहे. पेटी आतां सुरू होत नाहीं, म्हणून कार्डांत काय लिहिलें होतें तें कोणास सांगतां येत नाहीं. पुस्तक मात्र उघडतांच बोलूं लागतें. त्यांतील खाणावळी केव्हांच बंद झाल्या असतील, पण त्या काळीं एका माणसास काय पाहण्याजोगें वाटलें हें त्यांत शिल्लक आहे. वाटाड्या नवाच असावा, कारण रस्ते बदलतात. माहात्म्य सांगणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचें नांवगांव आपणांस ठाऊक असावें, आणि त्याचा शब्द त्याच्या मागेंही उरावा. नव्या यंत्रांचा लाभ घेतांना एवढी अपेक्षा आपण सोडूं नये, असें आम्हांस वाटतें.