आधी तोंड, मग वाद्य

चपला बाहेर काढा आणि मागच्या रांगेत बसा. साल १९७९. तुम्ही बेंगळुरूच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनमध्ये आहात. संस्था १९६४ची, सूत्रं टी. ए. एस. मणींच्या हाती. मृदंग समोर आहे, पण त्याला हात लावायची घाई नको. आधी हातावर आदिताल: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, पुन्हा टाळी, हात उलटा, टाळी, हात उलटा. आठ झाले. आता हात तसाच चालू ठेवून तोंडाने म्हणा: त कि ट, त कि ट, त क. तीन, तीन, दोन.

जमलं? मग अमेरिकन फंकची निम्मी बेसलाइन तुमच्या तोंडात आली. तिथेही हीच तोडणी सापडते. फरक एवढाच की फंकवाल्या जेम्स ब्राउनचा सगळा जोर पहिल्या मात्रेवर. इथे गाणं सम उलटून गेल्यावरही उठू शकतं. समेची वाट बघत मान डोलवायची आपली सवय इथे हमखास फसते.

रमेश शोथम इथेच तविल हे दक्षिणी तालवाद्य शिकले; त्याआधी 'ह्यूमन बाँडेज' या रॉक बँडचे ड्रमर. म्युनिकहून निघालेला 'एम्ब्रिओ' बँडही तुर्कस्तान, अफगाणिस्तान करत भारतात आलाय. तुर्की लोकसंगीतात नऊ मात्रा दोन-दोन-दोन-तीन अशा लंगडत चालतात. कानात ती चाल मुरलेल्या माणसाला इथली सात मात्रांची मिश्र चापू फार परकी वाटू नये.

आता उठा, फेब्रुवारी १९८३ गाठायचाय. जर्मनी, लुडविग्सबुर्गचा स्टुडिओ. सोप्रानो सॅक्सोफोन घेतलेले चार्ली मारियानो मूळचे बॉस्टनचे, जॅझवाल्या चार्ल्स मिंगसच्या बँडमधून आलेले आणि नादस्वरम हे दक्षिणी सुषिरवाद्य शिकलेले. आर. ए. रामामणी गातायत, मृदंगावर मणी. 'ज्योती' हा अल्बम ध्वनिमुद्रित होतोय. ड्रमसेट नाही, बेस नाही. मागे तबला घालून वर गिटार सोडलं की झालं फ्युजन, असल्या कामचलाऊपणाला इथे जागाच उरलेली नाही. सॅक्सोफोन गळ्याच्या बरोबरीने जातो, गमकं घेतो, पण स्वतःचा जॅझचा श्वास सोडत नाही.

घटमवाले राजगोपाल आणि खंजिरीवाले शशिकुमार कोन्नक्कोलही, म्हणजे तालाचे बोल तोंडाने, म्हणतात. ऐका: बोल दुपटीत गेले, मग पाचापाचांचे तुकडे पडले. तुमचा हात अनामिकेवर, आणि ते सगळे समेवर पोचलेसुद्धा.