काव्यलेखन मास, राष्ट्रीय
एप्रिल महिन्यात रोज एक, अशा तीस कविता लिहिण्याचा अमेरिकेत सुरू झालेला उपक्रम. ‘नॅपोरायमो’ हे त्याचे रूढ संक्षिप्त नाव. कवयित्री मॉरीन थॉर्सन यांनी तो २००३ मध्ये सुरू केला. महिनाभरात कादंबरी लिहिण्याचा उपक्रम १९९९ पासून चालू होता. त्याच धर्तीवर हा बेतला गेला. अकॅडमी ऑफ अमेरिकन पोएट्स ही संस्था १९९६ पासून एप्रिल हा काव्यमास म्हणून साजरा करीत असल्याने तोच महिना निवडला गेला.

लिहिणाऱ्यांसाठी रोज एक सूचना दिली जाते. ती पाळलीच पाहिजे असे नाही. सूचनेत विषय, रचनाप्रकार किंवा एखादी अट असते. उदा., घरातील एका वस्तूवर तिचे नाव न घेता आठ ओळी लिहायच्या म्हटल्या, की अडकित्त्याचा खटका, त्याची थंड मूठ, पात्याला चिकटलेला सुपारीचा भुगा हे सारे आठवावे लागते आणि सरावाची विशेषणे गळून पडतात. सूचनेचे खरे मोल यातच आहे. संस्कृत परंपरेतील समस्यापूर्ती हा याचा जुना आप्त. मात्र तेथे दिलेला चरण जसाच्या तसा श्लोकात बसवावा लागतो.

रोज लिहिण्याची शिस्त या उपक्रमाआधीचीही आहे. अमेरिकन कवी विल्यम स्टॅफर्ड (१९१४–९३) यांनी पहाटे उठून रोज लिहिण्याचा नेम अखेरपर्यंत पाळला. मात्र या उपक्रमात महिनाभरात लिहिलेल्या बहुतेक कविता कच्च्याच असतात. पुनर्लेखनाशिवाय त्या प्रसिद्ध करू नयेत.